फवारणी पंपाचे सुटे भाग : घेताना आणि बसवताना



गेल्या हंगामात चिखली तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनच्या शेताच्या धुऱ्यावर उभा होतो. एक भाऊ पाठीवर पंप घेऊन फवारत होते. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओला दिसला. मी विचारलं, "भाऊ, हात कशानं भिजला?" ते म्हणाले, "काही नाही साहेब, गनचा नट थोडा गळते. कालच नवा टाकला." नवा टाकला तर गळतो कसा, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "आता मले काय मालूम? दुकानदार म्हने, साऱ्याच पंपाले बसते."

साऱ्याच पंपाले बसते. या तीन शब्दांपायी आपल्या जिल्ह्यात किती औषध मातीत जाते आणि किती अंगावर येते, त्याचा विचार आज आपण करू.

आपल्याकडे फवारणीच्या दांडीला 'गन' म्हणण्याची पद्धत आहे. शब्द बरोबर आहे. पिकाच्या राखणीसाठी कोणाकडे परवान्याची बंदूक असेल, तर तिचा खटका बिघडल्यावर तो माणूस कुठलाही खटका आणून घरी ठोकून बसवत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. का, तर चुकीचा भाग बसला की बार धरणाऱ्याच्याच तोंडावर उलटतो. फवारणीच्या गनमधून तर विष उडते. तिचा भाग मात्र आपण बाजाराच्या दिवशी, पिशवीत वांगी-मिरच्या भरता भरता, न पाहता घेऊन येतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपणांस आठवत असेल. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वेळी जी कारणे पुढे आली त्यांत डोक्याच्या वर गेलेली कपाशी होती, दोन-तीन औषधे एकत्र करण्याची सवय होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, आणि जोराने बारीक तुषार उडवणारे नवे पंपही होते. थेंब जितका बारीक, तितका तो हवेत जास्त वेळ तरंगतो. तो पानावर न बसता नाकातोंडात जातो, कातडीवर बसतो. थेंब किती बारीक पडावा हे ठरते नोझलने आणि दाबाने. म्हणून सुट्या भागांत नोझलचा विचार पहिला.

नोझलमध्ये एक छिद्राची चकती असते आणि तिच्यामागे पाण्याला गरगर फिरवणारा एक लहानसा भाग असतो. या दोघांची जोडी ठरलेली असते. चकती एका कंपनीची आणि मागचा भाग दुसऱ्याचा असे केले की फवारा एका अंगाला पडतो, किंवा मधोमध पिचकारी सुटते. कीटकनाशकाला आणि बुरशीनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल लागते. तणनाशकाला पंख्यासारखा चपटा फवारा देणारे लागते. दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेली असतात आणि रंगही सारखा असतो. आपण कोणते मागतो ते तोंडाने स्पष्ट सांगावे.

आता छिद्राचा हिशेब पाहा. छिद्र १ मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटर निघाले, तर डोळ्याला फरक दिसणार नाही. पण छिद्राचे क्षेत्र जवळजवळ दीडपट होते, नेमके सांगायचे तर ४४ टक्के वाढते, आणि पाणीही साधारण त्याच मानाने जास्त पडते. समजा आपण एकरी २०० लिटर पाणी धरले आहे आणि लिटरला १ मिली औषध टाकतो. त्या चालीने १५ लिटरच्या पंपाचे तेराच्या वर पंप लागायला हवेत. असले नोझल लावले तर अठरा-एकोणीस पंप लागतील आणि २०० मिलीच्या जागी २८० मिली औषध जाईल. स्वस्त नोझलमध्ये वाचलेले पैसे पहिल्याच एकरात गेले. तणनाशक असेल तर पीकही पिवळे पडते, आणि मग आपण औषधाला दोष देतो.

उलट छिद्र लहान निघाले तर काही जण दाब वाढवतात. त्याने साधत नाही. पाणी दुप्पट पाडायचे तर दाब चौपट करावा लागतो. तोवर नळी फुगते, वॉशर सरकतो आणि फवाऱ्याचे धुके होते. हेच ते धुके, जे अंगावर येते.

नोझल पारखायला यंत्र लागत नाही. पंपात साधे पाणी भरा. फवारा बादलीत धरा आणि घड्याळ लावून बरोबर एक मिनिट सोडा. पडलेले पाणी मापाने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. चार्जिंगच्या पंपाची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, नाहीतर आकडा चुकतो. नवे नोझल ६०० मिली देत असेल आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच ६६० मिलीच्या वर देऊ लागले, तर ते झिजले असे समजावे व बदलावे. दहा टक्के वाढ हीच त्याची हद्द. त्यानंतर कोरड्या ओट्यावर फवारा मारून पाहा. ओल सारखी उमटली पाहिजे. पट्टे उमटले किंवा एक बाजू कोरडी राहिली, तर ते नोझल परत करावे, मग ते कितीही नामांकित कंपनीचे असो.

शेतावरची दुसरी पारख गुंठ्याची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा आखा, म्हणजे एक गुंठा झाला. पंपात मोजून पाणी भरा, रोजच्या चालीने तेवढी जागा फवारा, आणि किती पाणी संपले ते पाहा. त्याला ४० ने गुणले की एकराचा आकडा मिळतो. गुंठ्याला ५ लिटर गेले तर एकरी २०० लिटर. नवीन नोझल, नवीन गन किंवा नवीन पंप आणला की हे एकदा करावेच. फवारणारा माणूस बदलला तरी करावे, कारण प्रत्येकाची चाल वेगळी.

आता आट्यांकडे वळू. चिखलीच्या त्या भाऊंचा घोटाळा इथेच होता. त्यांची दांडी पितळेची होती, नट प्लास्टिकचा होता, आणि दोघांच्या आट्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. पान्याने जोर लावला तेव्हा पितळेने प्लास्टिक कापून आपली वाट केली. वरून नट घट्ट दिसला, आतून मात्र आट्या उडाल्या होत्या. म्हणून नियम असा ठेवावा, की नट आधी नुसत्या बोटांनी तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला अडला तर तो आपल्या पंपाचा नाही. पान्याचे काम शेवटचे, तेही हलक्या हाताने.

गळती थांबवायला काही जण सुतळी गुंडाळतात, काही जण पांढरी टेप लावतात. नोझलच्या टोपणात गळती थांबवण्याचे काम वॉशरचे असते, आट्यांचे नव्हे. वॉशर बरोबर बसला नसेल तर टेपचे दहा वेढे देऊनही उपयोग नाही. वॉशरचे भोक मधोमध असावे आणि त्याचा काठ पाण्याच्या वाटेत येऊ नये.

सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापण्याची युक्ती आपल्याकडे घरोघरी आहे. पाण्याच्या पंपाला ती चालते. औषधाच्या पंपाला चालत नाही. पुष्कळशी पातळ औषधे तेलासारख्या द्रावकात केलेली असतात. त्यांत साधे रबर फुगते, मऊ पडते आणि चार दिवसांत तुकडे होऊन नोझलमध्ये अडकते. दुकानात 'औषधाला टिकणारा वॉशर' असे सांगून मागावा. मिळालेला वॉशर नेहमीच्या औषधाच्या द्रावणात रात्रभर टाकून पाहावा. सकाळी तो जुन्या मापाचाच राहिला पाहिजे. हे करताना हातमोजे घालावेत, आणि भांडे पुन्हा घरात वापरू नये. जुन्या पितळी पंपाचा चामडी वॉशर मात्र बसवण्याआधी तेलात भिजवून घ्यावा. कोरडा बसवला तर दाबच धरत नाही.

टाकीच्या झाकणाचा वॉशर आपण विसरतो. तो गेला की वाकल्याबरोबर औषध पाठीवर येते. घामाने भिजलेल्या पाठीतून विष लवकर आत जाते, आणि पाठ आपल्याला दिसत नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या पंपाची नळी ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे दाब हातपंपाच्या कितीतरी पट असतो. नळीवर किती दाब सोसेल ते छापलेले असते. छापलेले नसेल तर ती नळी घेऊ नये. फुटलेल्या नळीला तार आवळून काम रेटू नये. चार्जिंगच्या पंपाला दुसऱ्या जातीचा चार्जर लावणेही तितकेच वाईट. लिथियमच्या बॅटरीला साध्या बॅटरीचा चार्जर लावला तर आग लागू शकते.

आणखी एक, खास आपल्या कपाशीवाल्यांसाठी. तणनाशकाच्या पंपाची नळी किंवा गन काढून कपाशीच्या पंपाला लावू नका. २,४-डी सारखे तणनाशक रबरात मुरून राहते. त्याचा अंशही कपाशीला सोसत नाही, पाने आखडून पंजासारखी होतात. दोन पंप ठेवणे परवडत नसेल तर निदान नळी, गन आणि वॉशर वेगळे ठेवा आणि त्यांना रंगाची खूण करा.

आता माझे मत. लोकल माल तेवढा वाईट आणि कंपनीचा तेवढा चांगला, असे मी म्हणणार नाही. खामगावच्या बाजारात साध्या दुकानातही नीट वळलेला पितळी नट मिळू शकतो. आणि काही पंपवाले आट्यांचे माप मुद्दाम असे ठेवतात की शेतकऱ्याने दुसरीकडे जाऊच नये, आणि ऐन हंगामात त्यांचाच भाग मिळत नाही. मग शेतकरी काय करणार? मिळेल ते बसवणार. त्यावर उपाय एवढाच, की पंप घेतानाच दोन नोझल, वॉशरचा एक संच आणि एक खटका जास्तीचा घेऊन ठेवावा. सुटा भाग आणायला जाताना जुना भाग धुऊन, कागदात गुंडाळून सोबत न्यावा. नुसत्या अंदाजाने मागू नये. आयएसआयची खूण असेल तर तिच्यासोबत परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या मोबाइलवरच्या सोयीत टाकून खरा-खोटा पाहता येतो. घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत पाहून देईल.

नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. तारेने किंवा टाचणीनेही टोचू नका, छिद्र मोठे होते. मऊ ब्रशने पाण्यात धुवा. फवारताना गळती दिसली तर तिथेच थांबा, दाब सोडा, पंप उतरवा, आणि साबणाने अंग धुऊन कपडे बदला. मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला पाणी सुटणे यांपैकी काही जाणवले तर घरी पडून राहू नका. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा निदान तिचे लेबल सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरून उतारा ठरवता येतो.

शेवटी पावतीचे. 'पंपाचे सामान' अशी मोघम पावती घेऊ नका. भागाचे नाव, कंपनी आणि किंमत लिहून घ्या. माल खराब निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. चिखलीच्या भाऊंजवळ पावती नव्हती. तो नट त्यांनी धुऱ्यावर माझ्यासमोर काढला, खिशात टाकला, आणि त्या दिवशीची फवारणी थांबवली. दुसऱ्या दिवशी जुनी दांडीच सोबत घेऊन ते दुकानात गेले आणि तिथेच बोटांनी फिरवून नट निवडला. पाचवा नट बसला.

फवारणीबद्दल काही विचारायचे असल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.