हिना की ऊद?

मार्गशीर्षात वेल्ह्याला भाचीचं लग्न आहे. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे मामानं उभं राहायचं, म्हणजे मी. इकडे भोरच्या घरी माझ्यापुढे अत्तराच्या दोन कुप्या आहेत, एक हिन्याची, एक उदाची. दोन्ही वास गरम, दोन्ही दांडगे. एका अंगावर दोघं नांदायचे नाहीत.

थंडीत हिना, उन्हाळ्यात वाळा, हे आमच्याकडे ठरलेलं. हा हिना नुसत्या मेंदीच्या फुलांचा नव्हे. कनौजला तांब्याच्या डेगेत जटामांसी, कपूरकाचरी, मसाल्याचे जिन्नस असं बरंच काही शिजतं. वाफ नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. स्पिरिट नाही, म्हणून वास भपकन उडत नाही, अंगाच्या उबेनं सावकाश सुटतो. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या गारठ्यात असाच धिम्या चालीचा गडी हवा.

उदानं मात्र मला नावानं फसवलं. भाची तान्ही असताना आई निखाऱ्यावर ऊद टाकून तिला धुरी द्यायची. तो ऊद म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. कुपीतला ऊद अगराचा, आसामकडच्या झाडाचा. त्याच्या निरोगी लाकडाला वास जवळजवळ नसतोच. खोडाला जखम झाली, बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ धरतं. सोन्याचं मोल येतं ते या दुखण्याला! मी आपला धुरीच्या आठवणीनं कुपी घेऊन आलो.

काल डाव्या मनगटाला हिना लावला, उजव्याला ऊद. चोळलं नाही. तासाभरानं बायकोनं निकाल दिला, “उजवा हात गोठ्यातून आलाय का?” रागच आला. पण रात्री शालीखाली तोच हात असा काही गोडावला होता की मी दोनदा हुंगला. डावा मात्र पहिल्यापासून मसाल्याचा डबा आणि ओली माती यांच्या अधेमधे, शांत.

मुहूर्त सकाळचा. अक्षता पडेपर्यंत उदाचा गोठा काही सरायचा नाही. तेव्हा मांडवात हिना. ऊद रात्री, पाठवणी करून परतताना, शालीला.

भाचीला फोनवर हे सांगितलं. म्हणाली, “मामा, एकच फाया हं. तू मागे उभा राहणार, आणि मला शिंका येतात.”