फवारणी पंपाच्या दाबमापकाचा सेल
(बुरोंडी, ता. दापोली येथील बागायतदारांसमोर केलेले भाषण)



आंब्याला मोहोर आला की आपले फवारणीचे पंप बाहेर निघतात. काही पंपांवर आता काट्याऐवजी आकडे दाखवणारा डिजिटल दाबमापक असतो. त्यातला सेल उतरला की आकडे फिके पडतात, कधी दिसतच नाहीत. मग गडी समजतो, दाब नाही, आणि दाबाचा स्क्रू आवळत जातो. दाब असतोच! नळी फुटली की औषध थेट तोंडावर.

म्हणून आधी पंप बंद करावा, गन उघडून नळीतला दाब सोडावा. घाई होते ती इथेच. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, मगच झाकण उघडावे. सेलवर छापलेला क्रमांक पाहून तोच आणावा. 'सीआर २०३२' म्हणजे ३ व्होल्टचा, २० मि.मी. व्यासाचा. अधिक-उणे खुणेप्रमाणे बसवावा. आपली हवा खारी, तेव्हा झाकणाची रबरी रिंग चिरली असल्यास बदलावी. दाब नसताना मापकाने शून्य दाखवले पाहिजे. न दाखवल्यास त्यावर फवारणी करू नये.

उतरलेला सेल पडवीत टाकू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मुलांपासून दूर ठेवा. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजते, जुन्या सेलनेही. उलटी करवू नका. सेलचे पाकीट सोबत घेऊन तडक एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.