खेळाडूचे वय आणि स्पर्धेची तारीख

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई उभी राहते. त्याच झाशीचे दुसरे नाते हॉकीच्या क्रीडांगणाशी आहे. मेजर ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयागला झाला. परंतु वडिलांच्या लष्करी नोकरीनंतर हे कुटुंब झाशीस स्थायिक झाले, आणि ध्यानचंद पुढे सदैव झाशीचेच मानले गेले. १९३३ साली त्यांच्या ‘झाशी हीरोज’ संघाने कलकत्त्याचा बेटन चषक जिंकला. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही झाशीच्या हीरोज मैदानावरच.

ध्यानचंद १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक खेळले. बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीवर आठ विरुद्ध एक असा विजय मिळविला, त्या दिवशी कर्णधार ध्यानचंद यांना एकतिसावे वर्ष पुरे होण्यास दोनच आठवडे उरले होते. पुढचे ऑलिंपिक १९४० साली टोकियोस भरावयाचे होते. जपानने ते १९३८ साली परत केले, ते हेलसिंकीकडे गेले, आणि शेवटी महायुद्धामुळे भरलेच नाही. १९४४ चेही भरले नाही. १९४८ साली लंडनला खेळ पुन्हा सुरू झाले तेव्हा ध्यानचंद बेचाळीस वर्षांचे होते. १९४० साली ते पुन्हा मैदानात उतरले असते काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ मैदानच देऊ शकले असते. आणि मैदानाला ती संधी मिळाली नाही. स्पर्धा थांबू शकते, परंतु खेळाडूचे वय थांबत नाही.

हाच अनुभव करोनाच्या साथीत पुन्हा आला, आणि या वेळी तो हजारो तरुणांच्या वाट्यास आला. २४ मार्च २०२० रोजी टोकियोचे ऑलिंपिक पुढे ढकलण्यात आले. त्याच दिवशी सायंकाळी भारतात देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. मे महिन्यात महाराष्ट्रातून उत्तरेकडे परतणारे मजूर झाशीजवळच्या रक्सा सीमेवर हजारोंच्या संख्येने अडकून पडले होते. अशा दिवसांत सामने थांबविले, हे योग्यच झाले. खेळापेक्षा प्राण मोठा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, सामना थांबविणे हा निर्णयाचा अर्धाच भाग होय. नव्या तारखेस कोण खेळू शकेल, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

या दुसऱ्या अर्ध्याचे महत्त्व फुटबॉलमधील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. ऑलिंपिकमधील पुरुषांच्या फुटबॉलला तेवीस वर्षांची वयोमर्यादा आहे; मोजके तीन खेळाडू तेवढे तिला अपवाद असतात. स्पर्धा वर्षभर लांबली, तेव्हा १ जानेवारी १९९७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची मूळ पात्रता कायम ठेवण्यात आली. चोवीस वर्षांचा झालेला तरुण त्यामुळे वगळला गेला नाही.

याउलट, सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात होणार होती. नवी मुंबई हे तिचे एक केंद्र होते. ती प्रथम फेब्रुवारी २०२१ पर्यंत लांबली; मग १७ नोव्हेंबर २०२० रोजी रद्द झाली, आणि भारताला २०२२ चे यजमानपद देण्यात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे ही स्पर्धा भरलीही. देशाला त्याचे यजमानपद मिळाले. परंतु २०२० ची स्पर्धा २००३ व त्यानंतर जन्मलेल्या मुलींची होती, आणि २०२२ ची २००५ व त्यानंतर जन्मलेल्यांची. मधल्या दोन वर्षांतील ज्या मुली वर्षानुवर्षे सराव करीत होत्या, त्यांच्यासाठी स्पर्धा लांबली नव्हती, ती संपली होती.

महाविद्यालयीन खेळाडूची अडचण याच जातीची. भारतात पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा १ मार्च २०२० रोजी भुवनेश्वरला संपल्या. दुसऱ्या, कर्नाटकात, सुरू झाल्या त्या २४ एप्रिल २०२२ रोजी. पदवीचा अभ्यासक्रम बहुधा तीन वर्षांचा. त्यातील दोन वर्षांहून अधिक काळ असा गेला. अमेरिकेत ‘बिग टेन’ या विद्यापीठ-संघाने ११ ऑगस्ट २०२० रोजी फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला तो निर्णय फिरवून ऑक्टोबरअखेर सामने सुरू केले. या धरसोडीवर पुष्कळ टीका झाली. परंतु तेथील राष्ट्रीय क्रीडासंस्थेने एक गोष्ट वेळीच केली: त्या हंगामातील खेळाडूंना खेळण्यासाठी आणखी एक वर्ष दिले.

अर्थात, अशी सवलत कोणाच्या तरी वाट्यातून येते. थोरल्यांना एक वर्ष अधिक मिळाले, की शाळेतून नव्याने येणाऱ्यांना संघात जागा कमी उरते. सतरा वर्षांखालील स्पर्धेत एकोणीस वर्षांच्या मुली उतरविल्या, तर ती त्या वयाची स्पर्धा उरत नाही. म्हणून सर्वत्र एकच नियम लावता येणार नाही. पैशाची भरपाई तुलनेने सोपी: १९३४ साली सुरू झालेली रणजी स्पर्धा २०२०-२१ मध्ये प्रथमच भरली नाही, तेव्हा खेळाडूंना आदल्या हंगामाच्या मानधनाच्या निम्मी रक्कम देण्यात आली. वय मात्र अशा रीतीने भरून देता येत नाही. जेथे मर्यादा वाढविता येत नाही, तेथे त्या वयाच्या खेळाडूंसाठी निराळे सामने भरविणे, हाच मार्ग उरतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये महिलांची वरिष्ठ राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाशीत, ध्यानचंदांच्याच नावाच्या क्रीडांगणावर, भरली. तेथे वयाची अट नव्हती. ज्यांचा खेळ टिकला, त्या आल्या. अट असलेल्या स्पर्धांना हे सुख नाही. साथी पुन्हा येतील, आणि तारखा पुन्हा बदलाव्या लागतील. त्या वेळी ज्या कागदावर नवी तारीख लिहिली जाईल, त्याच कागदावर जुन्या खेळाडूंचे काय, याचेही उत्तर लिहिले गेले पाहिजे. ते नंतर लिहू म्हटले, तर तोवर त्यांचे वय निघून गेलेले असते.