दूध संस्थेत आपलं मत



पहाटे उठून धारा आपण काढतो. चारा-पेंड, शेणघाण, आजारी वासराचं जागरण, सगळं आपल्याकडेच. मग ज्या संस्थेत ते दूध जातं, तिचा कारभार आपल्याला किती ठाऊक आहे? आज त्याबद्दलच बोलू.

खासगी डेअरीत आपण फक्त दूध घालणाऱ्या. भाव मालक ठरवतो, नफाही त्याचाच. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हे नाकारलं. त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने १९४६ साली त्यांनी स्वतःचा दूध संघ काढला. सुरुवातीला दोनच गावांच्या संस्था होत्या आणि दिवसाला जेमतेम अडीचशे लिटर दूध जमायचं. तोच संघ पुढे अमूल म्हणून देशभर पोचला.

सहकारी संस्थेत मालक म्हणजे सभासद. आपण शेअर घेतो, पावती मिळते, नोंदवहीत नाव लागतं. कुणाचे दहा शेअर असोत की एकच, मत मात्र प्रत्येकीला एकच. पैसा जास्त म्हणून आवाज मोठा, असं इथे चालत नाही.

आता नफ्याचं बघू. समजा वर्षाअखेर एक लाख रुपये निव्वळ नफा झाला. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे त्यातले निदान पंचवीस हजार राखीव निधीत जातात. तो अडचणीच्या दिवसांचा आधार. शेअरवर लाभांश मिळतो, पण साधारणपणे शंभराला पंधरा रुपयांच्या वर नाही. दिवाळीच्या तोंडावर येणारं फरक बिल मात्र शेअरवर नसतं, ते घातलेल्या दुधावर असतं. म्हणून रोजची पावती जपायची. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर, चारही आकडे घरच्या वहीत उतरवायचे.

आता खरी गोष्ट. पुष्कळ ठिकाणी शेअर बाईच्या नावावर असतो आणि सभेला जातात घरधनी. पण मत सभासदाने स्वतःच द्यायचं असतं. आपल्या वतीने नवरा, दीर किंवा मुलगा ते देऊ शकत नाही. आपण गेलो नाही, तर ते मत वाया जातं. संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव असतात. तिथेही नुसती सही करायला बसायचं नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. यंदा आपण मिळून जाऊ. एकटीला बोलायला संकोच वाटतो, पाचजणी शेजारी बसल्या की धीर येतो. प्रश्न आधीच लिहून नेऊ: यंदा नफा किती झाला? खर्च कशावर झाला? फरक लिटरमागे किती? लेखापरीक्षकाने काय शेरे मारले? उत्तर समजलं नाही, तर पुन्हा विचारू. संस्था आपली आहे, तेव्हा हिशोब मागण्यात वावगं काहीच नाही.

आज संध्याकाळी दूध घालायला जाल, तेव्हा सभेची तारीख विचारून या, आणि शेजारणीलाही सांगा. नमस्कार!