खचणारी माती आणि पुलाचा पाया

पुलाच्या तोंडाशी मोटारीला धक्का बसला, की आपण ड्रायव्हरला बोल लावतो. दोष बहुधा खालच्या गाळाचा असतो. पूल पाइलवर, म्हणजे खडकापर्यंत ठोकलेल्या खुंटांवर उभा. शेजारचा भराव मात्र मऊ गाळावर. भरावाच्या भाराने गाळातले पाणी निघत जाते, गाळ वर्षानुवर्षे खचतो आणि खचताना खुंटांना कवटाळून खाली ओढतो. आधार द्यायची तीच माती ओझे होऊन बसते!

मेक्सिको शहरात तर भूजलाच्या उपशाने, १९१० साली उभारलेल्या स्वातंत्र्यस्तंभाभोवतीची जमीन इतकी खचली, की पुढे १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या.

आम्ही इंजिनियर खुंटांना डांबराचा लेप देतो. त्याहून बरे म्हणजे भराव आधी घालावा, माती बसू द्यावी, मग खुंट ठोकावे. पण उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते.