हमालाची पाठ आणि बाजाराची घडी

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा ट्रक लागला की कोणी हुकूम न देताही काम सुरळीत चालू होते. टोळीतले दोघे वर चढून पोती सोडतात, बाकीचे ती पाठीवर घेऊन गाळ्यात थप्पी लावतात, तोलणार वजन घेतो आणि दिवाणजी वहीत नोंद करतो. कामाच्या अशा वाटणीतून माणसे एकमेकांवर अवलंबून राहतात आणि समाज बांधला जातो, असे एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडले. मात्र ही वाटणी लादलेली असेल तर ती बांधत नाही, हेही त्यानेच बजावले होते. त्याचा हा इशारा आपण फारसा मनावर घेतलेला नाही. पोते कोणाच्या पाठीवर आणि वही कोणाच्या हातात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जन्मावर ठरत आले. जात कामाबरोबर कामगारांचीही उतरंड लावते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. जन्मावरून काम ठरण्याचा हा प्रकार इतरत्रही दिसतो. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ डु बॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियातील काळ्या लोकांच्या वस्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या लोकांना हलकी कामे मिळत, त्यामागे त्यांचा वंश नव्हे, तर त्यांच्यासाठी बंद ठेवलेले दरवाजे होते. जात आणि वंश एक नव्हेत, पण ‘ही माणसे अंगानेच काटक’ हा युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच चालतो.

हा युक्तिवाद किती पोकळ आहे, हे पोत्याच्या वजनावरूनच कळते. शंभर किलोचे पोते हमालाने उचलायचेच, अशी एके काळची रीत. १९५५ मध्ये कामगार नेते बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली. १९६९ मध्ये राज्यात ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदा झाला आणि मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. पुढे पोते पन्नास किलोवर आले. बाजार काही बंद पडला नाही. म्हणजे जुने वजन निसर्गाने ठरवलेले नव्हते. हमाल एकेकटा होता, म्हणून ते चालले.

माथाडी कायद्याने मक्तेदारी वाढली, माथाडीच्या नावावर खंडणी उकळली जाते, अशी व्यापाऱ्यांची तक्रार असते. ती सगळीच खोटी नाही. पण खंडणीखोर हा पोलिसांचा विषय आहे. त्याच्यापायी नोंदणीकृत हमालाचे संरक्षण काढले, तर तो पुन्हा एकेकटा होईल आणि मजुरीचा दर फक्त गाळामालकच ठरवील. खंडणी मागणाऱ्यावर गुन्हा जरूर नोंदवावा; कायदा मात्र सैल करू नये.