विरल मृत्तिकांचे चुंबक : स्फटिकरचनेचे सामर्थ्य

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

विद्यार्थी मित्रहो,

माझे शिक्षण कलाशाखेत झाले. तरीही आज विज्ञानातील एक विषय आपणापुढे मांडावयाचे मी ठरविले आहे. कारण हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नसून देशाच्या उद्योगधंद्यांशी निगडित झाला आहे. विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारगाड्या, अनेक पवनचक्क्या आणि संगणकाची हार्ड डिस्क यांच्या पोटात विरल मृत्तिकांचे चुंबक काम करीत असतात.

लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची १५ मूलद्रव्ये आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व यिट्रियम अशी एकूण १७ मूलद्रव्ये या कुलात मोडतात. त्यांचे नाव मात्र फसवे आहे. त्यांतील सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. या मूलद्रव्यांचे रासायनिक गुणधर्म एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात, की त्यांना परस्परांपासून वेगळे करणे हेच खरे कष्टाचे काम ठरते.

चुंबकाला दोन गुण लागतात : बळ आणि दिशेचा निश्चय. लोखंडापाशी बळ भरपूर असते. परंतु त्याची घनाकार स्फटिकरचना सर्व बाजूंनी सारखी असल्याने एका दिशेचा आग्रह त्यात फारसा नसतो. विरल मृत्तिकांच्या अणूत खोलवर असणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मेघ बहुधा गोल नसतो. तो चपटा वा लांबट असतो. असा अणू एका दिशेने लांब असलेल्या स्फटिकात बसला, की तो विशिष्ट दिशेनेच स्थिर होतो आणि शेजारच्या लोहाच्या वा कोबाल्टच्या अणूंनाही त्याच रेषेत धरून ठेवतो. लेझमीच्या पथकात संख्या खेळाडूंची असते, पण रांग मोडू न देणारे मोजकेच असतात. तसाच हा प्रकार होय.

१९६६ साली अमेरिकेत कार्ल स्ट्रनाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम-कोबाल्ट संयुगात हे सामर्थ्य दाखवून दिले. त्यातूनच समेरियम-कोबाल्ट चुंबक पुढे आला. त्याचा स्फटिक षट्कोणी असून त्यात समेरियम-कोबाल्टचा एक थर व निव्वळ कोबाल्टचा एक थर, अशी आलटून पालटून मांडणी असते. तथापि १९७८ मध्ये झाईरमधील (आजचे काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताक) शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव कडाडले आणि स्वस्त लोखंडाकडे वळणे संशोधकांना भाग पडले.

जपानचे मासातो सागावा यांचा विचार सरळ होता. विरल मृत्तिका व लोह यांच्या तत्कालीन संयुगांत लोहाचे अणू फार जवळ येतात व त्यामुळे चुंबकत्व थोड्या उष्णतेनेच नाहीसे होते. मग बोरॉनसारखा लहान अणू घालून हे अंतर का वाढवू नये? १९८२ साली नियोडिमियम-लोह-बोरॉन चुंबक सिद्ध झाला. अमेरिकेत जॉन क्रोट हेही स्वतंत्रपणे याच संयुगापर्यंत पोहोचले होते. या स्फटिकाच्या एकेका चौरस तळाच्या उभट पेटीत ६८ अणू असतात : ८ नियोडिमियमचे, ५६ लोहाचे व ४ बोरॉनचे.

या चुंबकातही एक उणीव आहे. सुमारे ३१२ अंश सेल्सियसला त्याचे चुंबकत्व लोपते आणि त्याच्या बरेच आधी पकड ढिली पडू लागते. म्हणून तापणाऱ्या मोटारींसाठी त्यात डिस्प्रोशियम मिसळतात. त्याने पकड वाढते. पण त्याचे चुंबकत्व लोहाच्या उलट दिशेस असल्यामुळे एकूण बळ काहीसे घटते.

या क्षेत्रात महाराष्ट्राच्या राजधानीचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विन तापमानाला अतिसंवाहकता आढळल्याचे १९९४ साली प्रसिद्ध केले. यिट्रियमच्या जागी एर्बियम घातल्यास एकाच स्फटिकात चुंबकत्व व अतिसंवाहकता एकत्र नांदतात, हेही पुढे दिसून आले.

आपल्या किनाऱ्यांवरील, विशेषतः केरळ, तमिळनाडू व ओडिशातील वाळूत मोनाझाइट आहे. १९५० साली स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्‌स ही संस्था त्यावर प्रक्रिया करीत आली आहे. तरीही तयार चुंबकांसाठी आपली भिस्त मुख्यतः आयातीवर राहिली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने समेरियम, डिस्प्रोशियम आदी सात मूलद्रव्ये व त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाला त्याची झळ पोहोचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात वर्षाला ६,००० टन चुंबक निर्माण करण्याची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

मित्रहो, पैशाने कारखाना उभा राहील. पण खनिजातून धातू वेगळा करणारा रसायनज्ञ, त्याची भुकटी प्राणवायूपासून जपून भट्टीत घडविणारा तंत्रज्ञ आणि स्फटिकातील अणूंचे अंतर मोजणारा संशोधक विकत आणता येत नाही. तो आपल्यातूनच तयार व्हावयास हवा. वाळू आपल्या किनाऱ्यावर आहे. तिचे चीज करणारे हात व बुद्धी आपण द्यावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.